हँडबिल, कार्ड छापायला टाकताय? आधी या चुका टाळा

दसरा-दिवाळी तोंडावर आली की आमच्या प्रेसमध्ये रोज तोच खेळ. ओपनिंग परवा, फाईल आज रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, आणि खाली मेसेज, "भावा, तेवढं उद्या सकाळी दे की." देतो की, पण फाईल तरी धड दे.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते मराठी अक्षरांवरनं. मागं एका मिसळवाल्या काकांचं हँडबिल आलं, डिझाईन त्यांच्या भाच्यानं केलेलं, फोटो एकदम झकास, तर्री बघूनच भूक लागावी अशी. पण वर मोठ्या अक्षरात 'मिसळ'च्या जागी 'मसिळ' आणि पत्त्यात 'कोल्हापूर'मधला ल पाय मोडून एकटाच उभा. काकांना दाखवलं तर म्हणाले, "पोरानं तर बरोबरच टाईप केलंय." खरंच बरोबर केलेलं! जुन्या फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (मराठीसारख्या लिपीची अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग) चालू नसला आणि त्यात युनिकोड मराठी पेस्ट केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागं पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात, पोरगं बिचारं इंग्रजी माध्यमाचं, त्याला ते दिसलंच नाही. हँडबिल आम्ही थांबवलं, पण तोच फ्लेक्स त्यांनी आधीच दुसरीकडनं काढून दुकानावर चढवलेला. गल्लीतल्या पोरांनी दुकानाचं नाव 'मसिळ हाऊस' पाडलं, नंतर फ्लेक्स बदलला तरी ते नाव काय गेलं नाही.

तर जुनं फोटोशॉप असेल तर ती सेटिंग प्रेफरन्सेसमध्ये टाईपच्या पानावर आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत बघा. जुने फॉन्ट वापरत असाल, श्रीलिपीसारखे, तर वेगळाच घोळ, आमच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. कोरलड्रॉमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू मारा, अक्षरांचे कर्व्ह होतात, म्हणजे अक्षरं चित्रासारखी नुसत्या रेषा बनतात, मग फाईल कुठंही उघडली तरी तशीच दिसते. पण मूळ फाईल आधी वेगळी ठेवा, कर्व्ह झाल्यावर फोन नंबर टाईप करून बदलता येत नाही (आणि नंबर बदलायची आठवण हमखास त्याच्यानंतरच येते). माझी स्वतःची सवय म्हणजे साध्या कागदावर प्रिंट काढायची, खालच्या ओळीपासनं वर वाचत जायचं, आणि कागदावर बघूनच नंबर लावायचा. समोर रिंग वाजली तरच छपाईची प्लेट काढायची. स्क्रीनवर वाचलेलं मी वाचलेलं धरतच नाही, आणि व्हॉट्सॲपवर दोन सेकंदांत आलेलं 'ओके' तर अजिबात नाही.

दुसरं दुखणं रंगाचं. गिऱ्हाईक मोबाईलचा ब्राईटनेस फुल्ल करून छापील कागदाशेजारी धरतं आणि म्हणतं, भगवा मळका आला. अहो, मोबाईलमधला रंग उजेडाचा, लाल-हिरवा-निळा, आपल्याकडं निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशी चार शाई कागदावर बसते. मोबाईलवरचा तो झगझगीत केशरी, पोपटी, निळा या चार शाईत निघतच नाही, मशीन कितीही भारी असू दे. फाईल पहिल्यापासनं सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शाईंच्या रंगात करा, मग स्क्रीनवर जे दिसेल ते निदान खऱ्याच्या जवळपास असतं. मी ड्रॉवरमध्ये आधी छापलेल्या कामांचे तुकडे ठेवलेत, मागं पेनानं शाईचे टक्के लिहिलेले. भगवा पाहिजे म्हटलं की तो गठ्ठा पुढं टाकतो आणि माणसाला दारात उजेडात घेऊन जातो, ट्यूबलाईटखाली रंग ठरवायचा नाही. गिऱ्हाईक बोट ठेवेल तो तुकडा फायनल, मग वाद नाही. आणि बारीक मजकुराचा काळा हा फक्त काळ्या शाईचाच, शंभर टक्के. चारी रंग मिसळून काळा केला आणि प्लेट केसभर सरकली की अक्षराला रंगीत झालर लागते, मग चष्मा बदलायची वेळ आल्यासारखं वाटतं.

बाकीच्या गोष्टींवर लई बोलत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाईल दाबून बारकी होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए-फाईव्ह हँडबिलाला 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) धरलं तर साधारण 1748 बाय 2480 पिक्सेल लागतात, गुगलवरनं उचललेला लोगो तिथं फाटणारच. चारी बाजूला 3 मिमी ब्लीड सोडा, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून डिझाईन काठाबाहेर तेवढं वाढवा, मजकूर काठापासनं 5 मिमी आत. लोगो जागेत बसवायला ओढून लांबडा करू नका. क्यूआर कोड 2 सेंमीच्या खाली नको, भोवती पांढरी जागा ठेवा, आणि छापायच्या आधी दोन वेगळ्या मोबाईलवर स्कॅन करून बघा. एआयनं काढलेलं पोस्टर आणू नका म्हणत नाही, पण त्यातलं मराठी एकदा तरी वाचा.

हँडबिलावर अंबाबाईचा फोटो हा मला न पटणारा प्रकार. कोल्हापुरात देवीच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडवर दुपारी वाटलेलं हँडबिल संध्याकाळपर्यंत पायाखाली असतं, नवरात्रात तर विचारूच नका. ज्यांच्या पायाखाली येतं ते देवीला नमस्कार करून कागद उचलतात आणि दुकानाला शिव्या घालतात. श्रद्धा असेल तर कॅलेंडर छापा, ते वर्षभर भिंतीवर राहतं.

आणि चौदा वस्तू, तीन ऑफर, मालकांचा फोटो, शुभेच्छुकांची यादी असं सगळं एका ए-फाईव्हवर मागणाऱ्यांना मी एकच विचारतो, लोकांनी नक्की काय घ्यायला यायचं? जे उत्तर येईल ते मोठं, बाकी बारीक किंवा मागं. नव्या डिझायनर पोरांना मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात, एखादं फूल, एखादी चांदणी टाकतातच. राहू दे की मोकळी.

कागदाचं म्हणाल तर वाटायच्या हँडबिलाला 70 ते 90 जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) पुरतो, कार्डाला 300. कूपन किंवा फॉर्म भरून घ्यायचा असेल तर ग्लॉसी लॅमिनेशन करू नका, पेन चालत नाही. तीन घडीचं ब्रोशर असलं तर ए-फोरचे तीन समान भाग पाडू नका, 100, 100 आणि आत दुमडणारा 97 मिमी घ्या, नाहीतर ते पान आत चुरगळतं आणि फोन आम्हाला येतो.