क्लेमची रक्कम कमी आली? आधी रंगाची ओळ तपासा

गाडीचा बंपर आणि दरवाजा ठोकला गेला, गॅरेजचं बिल आलं आणि विमा कंपनीने मंजूर केलेला आकडा बराच खाली. भांडत बसण्याआधी सर्व्हेअरच्या (नुकसान तपासून रक्कम ठरवणाऱ्याच्या) रिपोर्टची प्रत मागा, तीही ईमेलने. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो.

साध्या पॉलिसीत (म्हणजे झिरो डेप, घसारा न कापणारं जादा कव्हर, नसलेल्या) प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापतात. काचेवर शून्य. पत्र्याचा घसारा गाडीच्या वयावर: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, पाच ते दहाला ४०. इथपर्यंत सहसा गडबड नसते.

घोळ होतो तो रंगात. घसारा फक्त रंगाच्या मटेरियलवर, ५० टक्के; मजुरीवर नाही. बिलात एकच ठोक आकडा असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरायचा. म्हणजे १६,००० च्या रंगकामात मटेरियल ४,०००, कपात २,०००. रिपोर्टमध्ये ८,००० कापले असतील तर ती सरळ चूक आहे. हेच गणित दोन ओळींत लिहून, बिल जोडून फेरविचार मागा.

सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः भरायची ठरलेली रक्कम) मात्र जाणारच: कारच्या इंजिनानुसार १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यापुढे २,००० रुपये. झिरो डेप असली तरीही.

कंपनीच्या तक्रार विभागाने महिनाभरात उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.