सांगली सोपी, सातारा अवघड: ठरावीक अक्षरांचे लांब इंग्रजी शब्द शोधताना

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीचा नवा शिक्षक रुजू झाला की शब्दखेळांचे काम बहुधा त्याच्याच गळ्यात पडते. दहावीच्या कृतिपत्रिकेत दिलेल्या शब्दाच्या अक्षरांतून किमान तीन अक्षरांचे चार शब्द बनवायला असतात. मुलांनी त्यात रस घ्यावा म्हणून 'ही अक्षरे असलेला जास्तीत जास्त लांब शब्द सांगा' असा खेळ क्लासमध्ये, शनिवारच्या सकाळच्या शाळेत चालतो. तो घ्यायचा तर उत्तरे आधी स्वतःकडे हवीत.

पहिला घोळ प्रश्नातच असतो. 'फक्त हीच अक्षरे वापरा' आणि 'ही अक्षरे असलीच पाहिजेत, बाकी कोणतीही चालतील' हे दोन वेगळे खेळ आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक अक्षर किती वेळा मिळाले आहे ते मोजावे लागते. इन्फर्मेशन या शब्दात आय, एन आणि ओ दोन-दोनदा आहेत, एफ, आर, एम, ए, टी एकेकदा. त्यातून फॉर्मेशन निघतो, मोशन, रेशन, इन्फन्ट, मिनियन निघतात. मुले हमखास ॲनिमेशन आणि नॉमिनेशनही सांगतात. ॲनिमेशनला दोन ए लागतात आणि नॉमिनेशनला तीन एन, म्हणून दोन्ही बाद. या प्रकारात शब्दाला वरून मर्यादा असते. लांब शब्दांची खरी शोधाशोध दुसऱ्या प्रकारात आहे, म्हणून पुढचे सगळे त्याबद्दल.

आपली मुले शब्द कानाने शोधतात, कारण बाराखडीची सवय. के असलेला शब्द विचारला की केमिस्ट्री आणि क्वालिटी पुढे येतात, एफ म्हटले की फोटो, जे म्हटले की जनरल. ऐकायला बरोबर, स्पेलिंगमध्ये ते अक्षर नाहीच. उलट नॉलेजमधला के किंवा कर्ज या अर्थाच्या डेटमधला बी ऐकू येत नाही म्हणून कुणाला आठवत नाही. त्यामुळे तोंडी उत्तर घेऊ नका. फळ्यावर स्पेलिंग लिहायला लावा आणि दिलेल्या अक्षरांखाली एकेक करून रेघ मारायला सांगा.

आता पद्धत. अक्षरे जोडत जोडत लांब शब्द सापडत नाही. शब्दाची शेपटी आणि डोके आधी धरायचे आणि त्यात दिलेली किती अक्षरे खपतात ते पाहायचे. आपल्याच गावांची स्पेलिंगे घेऊन हे नीट कळते.

सांगलीची अक्षरे एस, ए, एन, जी, एल, आय. नुसती उलटसुलट केली तरी सिग्नल तयार होतो. लांब शब्दासाठी 'इंगली' ही शेपटी पाहा, म्हणजे आय-एन-जी-एल-वाय. चार अक्षरे तिथेच खपली, उरले एस आणि ए. मग मिसलीडिंगली १२ अक्षरांचा, ॲस्टॉनिशिंगली १३, अनहेझिटेटिंगली १४. सरप्रायझिंगली मात्र चालत नाही, त्यात ए नाही. शेपटी सोडून पाहिले तर डिसॲडव्हान्टेजसली १७ अक्षरांचा मिळतो. त्यात आय डिसमधून, एन आणि जी ॲडव्हान्टेजमधून आणि एल शेवटच्या एल-वायमधून येतो. डोके, धड आणि शेपटी तिघांनी वाटा उचलला की शब्द असा लांबतो.

साताऱ्याला ही युक्ती चालत नाही. एस, टी, आर एकेकदा, पण ए तीनदा. इथे अडतात ते ए मोजताना. कॅटॅस्ट्रफी सुचतो, पण त्यात ए दोनच. त्यालाच 'इकली'ची शेपटी लावून कॅटॅस्ट्रॉफिकली केला की तिसरा ए येतो आणि शब्द १६ अक्षरांचा होतो. दुसरी वाट डोक्याकडून. पॅरा, एक्स्ट्रा, इन्ट्रा यांत आर आणि ए बसलेलेच असतात. पॅरामॅग्नेटिझम, एक्स्ट्राव्हसेशन, इन्ट्राव्हॅस्क्युलर हे तिन्ही १३ अक्षरांचे. टॅरन्टुलाज आणि कॅटमरॅन्स यांत एस फक्त अनेकवचनाचा आहे. तो मान्य की नाही हे खेळ सुरू होण्याआधी सांगा, नंतर वाद होतो. महाराष्ट्र या शब्दात सगळी अक्षरे आहेत आणि कोणी ना कोणी तो सांगतेच. विशेषनाम म्हणून बाद, पण सांगणाऱ्याला शाबासकी द्यायला हरकत नाही.

मिरजेत जे आहे, म्हणून सुरुवात जेपासूनच. दुर्मीळ अक्षर, म्हणजे जे, क्यू, एक्स, झेड यांपैकी एखादे, आधी धरले की पर्याय एकदम आटतात. जे बहुतेक वेळा मूळ धातूत असतो: जेक्ट, जंक्ट, जस्ट, मेजर. मेजरमध्ये मिरजेची चार अक्षरे आहेत. मग मेजॉरिटी ८, मेजॉरिटेरियनिझम १५. कराडला बॅकवर्डनेस, १२.

एक गंमत. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस हा ४५ अक्षरांचा शब्द पाठ करून आलेला एक तरी हुशार विद्यार्थी असतो. त्यात जी नाही, जे नाही, के नाही आणि ए दोनच आहेत. या चारही गावांना तो निरुपयोगी!

संगणकावर करायचे तर मोफत शब्दयादी घ्या. लिनक्समध्ये बहुधा तयार असते. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात, त्यामुळे जागेची अडचण येत नाही. पहिल्या स्तंभात शब्द. दुसऱ्यात लोअर आणि ट्रिम लावून त्याचेच स्वच्छ रूप, तिसऱ्यात लेन फंक्शनने लांबी. एखादे अक्षर किती वेळा आले हे काढायला सब्स्टिट्यूटने ते अक्षर रिकामे करून उरलेली लांबी मूळ लांबीतून वजा करा. साताऱ्यासाठी ए-च्या स्तंभात ३ किंवा जास्त, बाकीच्या तिघांत १ किंवा जास्त असा फिल्टर लावा आणि लांबीने उतरत्या क्रमाने लावा. सब्स्टिट्यूट कॅपिटल आणि स्मॉल वेगळे मानतो, लोअर त्यासाठीच. शब्दामागे स्पेस राहिली तर लांबी एकाने फुगते, ट्रिम त्यासाठी. यादीत ॲपॉस्ट्रॉफी-एसची रूपे असतील तर ती आधी गाळा.

याद्या बहुधा अमेरिकन किंवा ब्रिटिश असतात आणि आपली पाठ्यपुस्तके ब्रिटिश वळणाची. ॲगनायझिंगली एसने लिहिला तर सांगलीला चालतो, झेडने लिहिला तर नाही. सिग्नलिंग ब्रिटिशमध्ये १० अक्षरांचा, अमेरिकनमध्ये ९. कोणते स्पेलिंग धरणार ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. यादीतून निघालेला शब्द मुलांच्या हातातल्या शब्दकोशात नसेल तर तो उत्तरांत घेऊ नका, कितीही लांब असो. आणि उत्तर जाहीर करताना 'इंग्रजीतला सर्वांत लांब' म्हणू नका, 'आपल्या यादीतला सर्वांत लांब' म्हणा. दुसरी यादी उघडली की त्याहून लांब शब्द निघू शकतो.