रक्ताभिसरण शिकताना या चुका टाळा

हृदयाची आकृती पाठ असते, बाणही बरोबर काढलेले असतात. तरीही ‘उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) रक्त कुठे जाते?’ असे विचारले की हमखास उत्तर येते, ‘डाव्या निलयात.’ ही चूक फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलेनने सांगितले की दोन निलयांमधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त पलीकडे झिरपते. ती छिद्रे कोणीच पाहिलेली नव्हती, तरी मत शतकानुशतके टिकले. तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीसने स्पष्ट लिहिले, की पडदा भरीव आहे आणि रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येते. युरोपातले बहुतेक वैद्य मात्र सोळाव्या शतकातही छिद्रांनाच धरून होते. १६२८ मध्ये इंग्लिश वैद्य विल्यम हार्वेने साधा गुणाकार करून दाखवला. तो आजच्या आकड्यांनी करून पाहा. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलीटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळजवळ ५ लिटर. प्रौढाच्या शरीरात एकूण रक्तच सुमारे ५ लिटर असते, तेव्हा तेच रक्त फिरून येते हे उघड आहे. रोहिणीतून (हृदयापासून दूर नेणाऱ्या वाहिनीतून) नीलेत (हृदयाकडे आणणाऱ्या वाहिनीत) ते जाते कसे, हे हार्वेला दिसले नव्हते. १६६१ मध्ये इटालियन वैद्य मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात केशिका, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्या, पाहिल्या आणि तो दुवा मिळाला.

म्हणून वाट नेहमी बोटाने गिरवावी, तीही केशिकांपासून: शरीरातल्या केशिका, महानीला, उजवे अलिंद (वरचा कप्पा), उजवा निलय, फुप्फुस रोहिणी, फुप्फुसातल्या केशिका, चार फुप्फुस नीला, डावे अलिंद, डावा निलय, महारोहिणी आणि पुन्हा शरीर. केशिका वगळून पाठांतर करणाऱ्यांचे बोट नेमके फुप्फुसापाशी अडते.

दुसरी चूक घाईतून होते. ‘रोहिणीत ऑक्सिजनयुक्त रक्त, नीलेत ऑक्सिजनरहित’ हे सूत्र आम्हाला अजिबात पसंत नाही. फुप्फुस रोहिणीत कमी ऑक्सिजनचे रक्त असते आणि फुप्फुस नीलांत भरपूर ऑक्सिजनचे, म्हणजे सूत्र फुप्फुसापाशीच कोलमडते. दिशा बघा: हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. शिवाय ‘ऑक्सिजनरहित’ हेही खरे नाही. विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातले सुमारे तीन चतुर्थांश हिमोग्लोबिन अजून ऑक्सिजन धरून असते. स्नायू कामाला लागले की हा साठा उपयोगी पडतो.

आकृतीतल्या हृदयाची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. पानावर आधी ‘उ’ आणि ‘डा’ लिहा, मगच रंग भरा. आणि नीलेतले रक्त निळे नसते, गडद लाल असते.

आधी उजवी बाजू, मग डावी, असे पाळीपाळीने हृदय आकुंचन पावत नाही. दोन्ही अलिंदे जवळजवळ एकदम, त्यानंतर दोन्ही निलय एकदम. दोन्ही निलय मिनिटाला जवळपास सारखेच रक्त ढकलतात. डाव्याची भिंत जाड असते ती दाबामुळे: तिथे आकुंचनाचा दाब सुमारे १२० मिलिमीटर पारा, उजवीकडे सुमारे २५.

झडपा स्वतःहून उघडत नाहीत. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक त्यांना उघडतो आणि मिटवतो.

हृदयात इतके रक्त असताना त्याच्या स्नायूला वेगळा पुरवठा कशाला, असेही विचारले जाते. कप्प्यातले रक्त जाड भिंतीत खोलवर पोचत नाही. त्यासाठी महारोहिणीच्या मुळाशीच दोन हृद्‌रोहिण्या फुटतात, आणि डाव्या निलयाच्या भिंतीला त्यांतून बहुतेक रक्त निलय शिथिल असताना मिळते.