मॉइसनाइट की हिरा : दहा पटीच्या भिंगातून ओळखण्याची रीत

सराफाच्या दुकानात हिऱ्याची अंगठी हातात घेतल्यावर बहुतेक जण सगळ्यात आधी तिची चमक पाहतात. मॉइसनाइटच्या बाबतीत नेमके तिथेच फसायला होते, कारण हा खडा हिऱ्यापेक्षा कमी नव्हे, तर जास्तच चमकतो. काचेचा किंवा ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने विकला जाणारा झिर्कोनियाचा खडा सरावलेल्या नजरेला थोडा काचेरी, थोडा मंद वाटतो. मॉइसनाइट तसा वाटत नाही. म्हणून खडा किती चमकतो हे बाजूला ठेवून, त्याच्या आत पाहिल्यावर पैलूंच्या कडा कशा दिसतात, हे निरखायला शिकावे लागते. साध्या डोळ्यांनी हे काम अर्धवटच होते. दहा पटीचे भिंग आणि थोडा सराव असेल तर पुष्कळसे साधते.

मॉइसनाइट म्हणजे रासायनिकदृष्ट्या सिलिकॉन कार्बाइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांना १८९३ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनामधल्या कॅनियन डियाब्लो उल्केच्या नमुन्यांत याचे सूक्ष्म स्फटिक आढळले आणि त्यांनी ते प्रथम हिरेच समजले; ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचे १९०४ मध्ये स्पष्ट झाले. थोडक्यात, या खड्याने पहिल्यांदा चकवले ते त्याच्या शोधकर्त्यालाच. निसर्गात तो इतका दुर्मीळ आणि बारीक आहे की दागिन्यातला मॉइसनाइट हा प्रयोगशाळेत वाढवलेलाच असतो, आणि तसा तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला.

तपासणीपूर्वी खडा धुणे आवश्यक आहे. रोजच्या वापरातल्या अंगठीच्या मागच्या बाजूला हाताचे तेल, साबण आणि कणीक यांचा थर बसलेला असतो, आणि अशा खड्याच्या आत काहीही नीट दिसत नाही. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून, मऊ दातब्रशने मागची बाजू घासून, सुती कापडाने कोरडी करावी. भिंग ‘ट्रिपलेट’ प्रकारचे, म्हणजे तीन काचा एकत्र जोडलेले, घ्यावे. साध्या स्वस्त भिंगात वस्तूच्या कडेला रंगीत किनार दिसते आणि ती खड्याचीच आहे असा गैरसमज होतो. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून धरावे आणि खडा त्याच्याकडे आणावा, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरापर्यंत. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर नजर लवकर थकत नाही. दोन्ही हात एकमेकांना टेकवले की थरथर थांबते. ही युक्ती समजेपर्यंत मला भिंगात निव्वळ हलणारा प्रकाश दिसत असे.

सुरुवात भिंगाशिवाय करावी. खोलीत अंधूक उजेड ठेवून लहान बॅटरीचा एकच झोत खड्यावर टाकावा आणि हाताच्या अंतरावर अंगठी हळूहळू हलवावी. पांढऱ्या प्रकाशाचे रंगांत विलगीकरण करण्याच्या गुणाला अपस्करण म्हणतात. हिऱ्यात त्याचे मूल्य ०.०४४, तर मॉइसनाइटमध्ये ०.१०४, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. त्यामुळे मॉइसनाइटमधून तांबड्या, निळ्या, हिरव्या रंगांचे ठसठशीत लोळ उठतात, आणि हिऱ्यात पांढरी चमक अधिक व रंग तिच्यात विखुरलेले, असे दृश्य दिसते. दोन्ही खडे शेजारी शेजारी असतील तर हा फरक लगेच जाणवतो. एकटा खडा पाहताना मात्र यावर निर्णय देऊ नये. जुन्या पद्धतीने पैलू पाडलेले, उंच माथ्याचे अस्सल हिरेही रंगांच्या मोठ्या ठिणग्या टाकतात, आणि दुकानातल्या बारीक बारीक एलईडी दिव्यांखाली तर काचही इंद्रधनुष्य दाखवते. या पहिल्या नजरेतून शंका घ्यावी, एवढेच.

खरी परीक्षा द्वि-अपवर्तनाची आहे. हिऱ्याची स्फटिकरचना घनाकार असल्याने प्रकाश त्यात कोणत्याही दिशेने शिरला तरी त्याची गती सारखीच राहते. म्हणून अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, एकच, साधारण २.४२. मॉइसनाइटची रचना षट्‌कोनी आहे. त्यात शिरलेला किरण दोन किरणांत दुभंगतो, त्यांचे अपवर्तनांक साधारण २.६५ आणि २.६९ असे वेगळे असतात, आणि ०.०४३ एवढ्या या फरकामुळे खड्याच्या आतून पाहिलेली कड एकाऐवजी दोन दिसते. हे दुहेरी दिसणे कसे असते याचा अनुभव आधी घ्यायचा असेल तर कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा मिळवावा. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत हे खनिज विपुल सापडते आणि खनिजांचे नमुने विकणाऱ्यांकडे सहज मिळते. छापील ओळीवर स्वच्छ तुकडा ठेवला की ओळीच्या दोन ओळी होतात. कॅल्साइटमध्ये हा परिणाम मॉइसनाइटच्या जवळजवळ चौपट असल्याने तो भिंगाविना दिसतो, आणि एकदा पाहिलेला विसरला जात नाही.

आता अंगठी भिंगाखाली घ्यावी. खड्याच्या माथ्यावरचा मोठा सपाट पैलू म्हणजे टेबल. त्याच्याभोवतीचा उतरता भाग क्राउन. खड्याचा सर्वांत रुंद कडेचा पट्टा गर्डल. आणि त्याखाली टोकाकडे निमुळता होत जाणारा भाग पॅव्हेलियन. नवशिक्या माणूस टेबलमधून सरळ खाली पाहतो आणि कडा एकेरी दिसल्या की खडा हिरा असल्याचे ठरवून मोकळा होतो. येथेच चूक होते. षट्‌कोनी स्फटिकात एक दिशा अशी असते की तिच्यातून जाणारा किरण दुभंगत नाही. तिला प्रकाशीय अक्ष म्हणतात. मॉइसनाइटला पैलू पाडताना हा अक्ष बहुधा मुद्दाम टेबलला लंब ठेवला जातो, कारण तसे न केल्यास समोरून पाहणाऱ्यालाही खडा धूसर वाटेल. त्यामुळे टेबलमधून केलेली तपासणी मॉइसनाइट सहज पार करतो.

म्हणून खडा कलता धरावा आणि क्राउनवरच्या पतंगाच्या आकाराच्या पैलूंमधून तिरपे आत पाहावे. नजर वरच्या पृष्ठभागावर न थांबवता खड्याच्या पोटातून पलीकडच्या पॅव्हेलियनच्या कडांवर आणि तळाच्या टोकावर न्यावी. दहा पटीच्या भिंगाला खोलीचा फार थोडा पट्टा एका वेळी स्पष्ट दिसतो. त्यामुळे खडा केसभर पुढे-मागे सरकवत राहावे, म्हणजे कधी वरची, कधी मधली, कधी तळाची पातळी स्पष्ट होत जाईल. मॉइसनाइट असेल तर पलीकडच्या कडा रेल्वेच्या रुळांसारख्या जोडीने, शेजारी शेजारी धावताना दिसतात आणि तळाच्या टोकाची दोन टोके होतात. एका पैलूतून पाहून झाले की खडा थोडा फिरवून दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून पाहावे. एका दिशेने दुहेरीपणा दिसला नाही याला अर्थ नाही. अनेक दिशांनी पाहूनही दिसला नाही, तर त्याला अर्थ आहे.

हिऱ्यातही कडांच्या अनेक प्रतिमा दिसतात हे मात्र येथे सांगायला हवे, नाहीतर चांगल्या हिऱ्यावर नाहक आळ येईल. पॅव्हेलियनचे पैलू आरशासारखे काम करतात, त्यामुळे टेबलचे आणि क्राउनचे प्रतिबिंब तुकड्या-तुकड्यांत पुन:पुन्हा उमटते. ही प्रतिबिंबे निरनिराळ्या कोनांत आणि निरनिराळ्या आकारांची असतात, आणि खडा हलवला की एकमेकांपासून स्वतंत्रपणे पळतात. द्वि-अपवर्तनातली जोडी तशी नसते. तिच्यातल्या दोन्ही रेषा एकमेकींची नक्कल असतात आणि बरोबरच सरकतात. तरीही शंका राहिली तर पोलराइज्ड गॉगलची काच डोळा आणि भिंग यांच्यामध्ये धरून हळूहळू फिरवावी. दुभंगलेल्या दोन किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, एकमेकांना काटकोनात असल्यामुळे काच पाव फेरा फिरवताना जोडीतली एक रेषा फिकी पडते आणि दुसरी ठळक होते. निव्वळ प्रतिबिंबांत अशी आळीपाळी होत नाही.

दुहेरी कडा दिसल्या तर एवढे निश्चित होते की खडा हिरा नाही. तो मॉइसनाइटच आहे असे मात्र नाही, कारण झिर्कोनियाहून वेगळे असलेले नैसर्गिक खनिज झिरकॉन, त्यातही कडा ठळकपणे दुहेरी दिसतात. तसेच एकेरी कडा दिसल्या म्हणून खडा हिरा ठरत नाही, कारण झिर्कोनियाही घनाकार आहे आणि त्यातही कडा एकेरीच दिसतात.

भिंग हातात आहे तोवर आणखी दोन ठिकाणी पाहून घ्यावे. पहिले, पैलूंच्या बाहेरच्या कडा आणि पृष्ठभागावरचे पॉलिश. हिऱ्याची कठीणता मोहस श्रेणीत, म्हणजे खनिजांची कठीणता सांगणाऱ्या १ ते १० च्या श्रेणीत, १० आणि मॉइसनाइटची साधारण ९.२५ आहे, आकडे जवळचे वाटतात, पण हिऱ्याच्या कडा वस्तऱ्यासारख्या तीक्ष्ण असतात, तर मॉइसनाइटच्या, विशेषतः जुन्या खड्यांच्या, किंचित गोलावलेल्या दिसतात. हिऱ्याला प्रत्येक पैलूवर वेगळ्या दिशेने घासावे लागते, कारण त्याची कठीणता दिशेनुसार बदलते. म्हणून पॉलिशच्या बारीक रेषा शेजारच्या दोन पैलूंवर वेगवेगळ्या दिशेने जातात. मॉइसनाइटमध्ये अशा रेषा उरल्या असतील तर त्या एका पैलूवरून दुसऱ्यावर एकाच दिशेने गेलेल्या आढळू शकतात. दुसरे, आतले दोष. मॉइसनाइटमध्ये सुईसारख्या पांढऱ्या, एकमेकींना समांतर रेषा असतात. त्या साधारणपणे टेबलला लंब असल्यामुळे वरून ठिपक्यांसारख्या आणि खडा कलता धरल्यावर सुयांसारख्या दिसतात. हिऱ्यात लहान स्फटिक, पिसासारख्या चिरा, ढगाळ ठिपके असे प्रकार आढळतात. गर्डलवर कच्च्या हिऱ्याच्या मूळ सालीचा न घासलेला तुकडा राहिला असेल आणि त्यावर बारीक त्रिकोणी खाचा दिसत असतील, तर ती फार चांगली खूण आहे. पूर्ण निर्दोष खड्यात अर्थातच यातले काहीच सापडत नाही.

रंगावर फार विसंबू नये. सुरुवातीच्या काळातले मॉइसनाइट ढगाळ दिवशी खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवल्यास पिवळट, हिरवट किंवा करडी झाक दाखवत. अलीकडचे जवळजवळ रंगहीन मिळतात, आणि हिऱ्यांतही पिवळट झाक असतेच.

घरगुती परीक्षांबद्दल थोडे स्पष्टच लिहायला हवे. खड्यावर फुंकर मारून धुके किती लवकर उडते ते पाहणे निरुपयोगी आहे, कारण मॉइसनाइटही हिऱ्यासारखाच उष्णता झटपट वाहून नेतो. सुटा खडा उलटा ठेवून त्यातून छापील अक्षर वाचता येते का, ही परीक्षा काच उघडी पाडते. मॉइसनाइटचा अपवर्तनांक हिऱ्याहून जास्त असल्याने त्यातूनही अक्षर दिसत नाही. काचेवर ओरखडा दोन्ही खडे पाडतात. ऐरणीवर ठेवून घण मारण्याची कल्पना तर सर्वांत वाईट आहे: कठीण असणे आणि न फुटणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हिऱ्याला स्फटिकाच्या ठरावीक पातळ्यांवर सहज चीर जाते, आणि या परीक्षेत अस्सल हिऱ्याचेही तुकडे होतात.

पेनसारखे दिसणारे, खड्याला टोक टेकवताच आवाज करणारे टेस्टर अनेक सराफांकडे असते. त्याचा साधा प्रकार खडा उष्णता किती वेगाने वाहून नेतो एवढेच मोजतो, आणि वर सांगितलेल्या कारणाने मॉइसनाइटलाही हिरा म्हणतो. म्हणून ‘मशीन वाजले’ या पुराव्यावर समाधान मानू नये; यंत्र निव्वळ उष्णता मोजते की विद्युतवहनही तपासते, हे विचारावे. मॉइसनाइट वेगळा काढण्यासाठीची यंत्रे बहुधा विद्युतवहनावर चालतात. त्यांनाही मर्यादा आहेत, पण निदान प्रश्न योग्य विचारला जातो.

खडा सुटा असेल तर वजन आणि माप यांची सांगड घालता येते. हिऱ्याची सापेक्ष घनता ३.५२ आणि मॉइसनाइटची ३.२२ असल्यामुळे एकाच मापाचा मॉइसनाइट सुमारे साडेआठ टक्के हलका भरतो. नेहमीच्या प्रमाणात पैलू पाडलेला ६.५ मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा सुमारे एक कॅरेटचा असतो. तेवढाच मॉइसनाइट ०.९ कॅरेटच्या आसपास येतो. खडा जास्त खोल किंवा उथळ कापलेला असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून व्यासाबरोबर खोलीही मोजावी.

ही सारी रीत बऱ्यापैकी मोठ्या, मोकळ्या कोंदणातल्या खड्यासाठी आहे. किरण दुभंगल्यावर त्यांच्यातले अंतर आत कापलेल्या वाटेनुसार वाढते. वाट छोटी असली की अंतरही नगण्य राहते. म्हणून सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्यांतल्या किंवा नथीतल्या बारीक खड्यांत कडा दुहेरी आहेत की नाहीत हे दहा पटीच्या भिंगातून ठरवणे सरावलेल्या माणसालाही जड जाते. पोलकीच्या दागिन्यात अडचण निराळी असते: खडा चपटा, मागून बंद आणि खाली चकचकीत वर्ख, त्यामुळे पलीकडच्या कडा पाहायला वावच राहत नाही, आणि आता मॉइसनाइटची पोलकीही लग्नाच्या दागिन्यांत सर्रास वापरली जाते. अशा दागिन्याबद्दल डोळ्यांनी मत देण्याऐवजी तो रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत पाठवावा आणि बिलावर खड्याचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा हिराच असतो. त्याच्या कडा एकेरीच दिसतात आणि या रीतीने तो खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळा करता येत नाही. तो फरक प्रमाणपत्रावरूनच कळतो. प्रमाणपत्र दाखवले गेले तर भिंगाने गर्डलवर लेझरने कोरलेला क्रमांक शोधावा, तो अंकागणिक प्रमाणपत्राशी आणि नंतर प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी जुळवावा. गर्डलवर काहीतरी कोरलेले दिसले एवढ्यावर थांबू नये, कारण मॉइसनाइटवरही निर्मात्याचे नाव कोरलेले असू शकते आणि त्याच्यासोबतही चकचकीत कार्ड मिळते. कोरलेली अक्षरे पूर्ण वाचावीत, आणि कोंदणाच्या पकडीखाली ती झाकली गेली असतील तर खरेदीपूर्वी सराफाकडून खडा सुटा करून मागावा.