छळाच्या गोष्टी मुलांना सांगताना या चुका टाळा

फेब्रुवारी आला की वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गात संत गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट निघते. वसईत जन्मलेला हा माणूस जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ख्रिस्ती श्रद्धेपायी क्रुसावर मारलेल्या २६ जणांत तोही होता. आपण गोष्ट कापलेल्या कानांपासून सुरू करतो आणि भाल्यांवर संपवतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात मग भाला राहतो, माणूस राहत नाही. लहानांना आधी माणूस भेटू द्या: आधी व्यापार करणारा, जपानी सफाईने बोलणारा, धर्मगुरूंचा दुभाषी झालेला आपल्या गावचा मुलगा.

गोष्ट ऐकून एखादं मूल म्हणतं, "जपानी लोक वाईट." तिथे गप्प राहू नका. हुकूम जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याचा होता आणि मारलेल्या २६ पैकी २० जण जपानीच होते. मोठ्या मुलांना हेही सांगा, की १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती सत्तेच्या हातूनच माणसं छळली. हे लपवलं, तर मूल शेजारच्या बाकावरच्या मित्राकडे संशयाने बघायला शिकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक माझ्या हातून झाली आहे. चौथीतली एक मुलगी रिक्षात बसण्याआधी गळ्यातला क्रूस फ्रॉकच्या आत सारायची. मुलं तिला 'मकापाव' या ख्रिश्चनांना हिणवायच्या शब्दाने चिडवत. मी म्हटलं, "माफ कर बाळा, येशूनेही सोसलं." ती मान हलवून गेली आणि पुढे महिनाभर कोणाशीच काही बोलली नाही. तोवर चिडवणं वाढत गेलं होतं.

आता मी मुलांना येशूचा प्रेषित पौल सांगते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २२: चाबकाचे फटके बसणार, तेव्हा स्वतः रोमी नागरिक असलेला पौल शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला विचारतो, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का? फटके थांबतात. क्षमा करणारा माणूसही दाद मागू शकतो, हे मुलांना इथे लख्ख कळतं.

आणि दाद मागायची म्हणजे काय, तेही दाखवा. कधी, कुठे, कोण काय बोललं ते वहीत तारखेसह लिहा. वर्गशिक्षकांना भेटा, फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर मुलाला पाठ हवा. पण प्रत्येक भांडणाला 'धर्मछळ' म्हणू नका. रबरावरून झालेली मारामारी रबरावरूनच असते.

रोज विचारायचा प्रश्न साधा ठेवा: "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" उत्तर सलग तीन दिवस "एकटीनेच" आलं, तर चौथ्या दिवशी शाळेत जा.