उदयोन्मुख हॉकीपटूंची पारख करताना या चुका टाळा

गोव्यात हॉकी बघायला येणारे मोजकेच. त्यामुळे म्हापशात पेडेच्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) एखादं पोर जरा उठून दिसलं की आठवड्याभरात बार्देशभर त्याचं नाव होतं. पुढच्या मोसमात तेच पोर चाचपडलं की ‘संपलं त्याचं’ हेही तितक्याच वेगाने ठरतं. दोन्ही वेळा चूक एकच असते. आज कसा खेळला यावरून प्रगती झाली की नाही, हे ठरवलं जातं. प्रगती कळते ती फरकावरून: सहा महिन्यांपूर्वी जे जमत नव्हतं, त्यातलं आज काय जमतंय? हा प्रश्न बाजूला राहिला की पुढच्या सगळ्या चुका ओळीने होतात.

फक्त गोल मोजणं

शालेय स्पर्धेत एका सामन्यात पाच-पाच गोल मारणारा फॉरवर्ड दरवर्षी कोणीतरी निघतोच. समोरचा गोलकीपर बऱ्याचदा पॅड बांधायला नुकताच शिकलेला असतो आणि फुलबॅक ऐनवेळी उभा केलेला. अशा गोलांवरून एवढंच कळतं, की दोन संघांत फार अंतर होतं. तोच फॉरवर्ड गोवन्स हॉकीच्या, म्हणजे गोव्याच्या राज्य संघटनेच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेत हरयाणा किंवा ओडिशासमोर उतरला तर अख्ख्या सामन्यात दोनदा डीत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात शिरला तरी पुष्कळ. तेव्हा ‘मोठ्या सामन्यात चालत नाही’ असा शिक्का बसतो, आणि तोही तितकाच पोकळ असतो. २०२५ पासून हॉकी इंडियाने राष्ट्रीय स्पर्धा अ, ब आणि क विभागांत वाटल्या आहेत. कुठलाही आकडा वाचण्याआधी विभाग कोणता आणि समोर कोण होतं, ते बघा.

गोलांऐवजी डीतला प्रवेश मोजा. गोलखांबापासून १४.६३ मीटरवर आखलेल्या त्या रेषेच्या आत खेळाडू चेंडू घेऊन किंवा पासवर किती वेळा शिरला आणि त्यातून काय निघालं, हे लिहा: फटका, पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल गोलरेषेवरून मिळणारी संधी), मोकळ्या सहकाऱ्याला पास, की चेंडू गमावला. चौदाव्या वर्षी बहुतेक फॉरवर्ड डीत शिरताच मान खाली घालून हाणतात. वर्षभराने तोच खेळाडू कोन नाही हे ओळखून बचावपटूच्या पायावर चेंडू घालतो आणि कॉर्नर काढतो. गोलफलकावर त्याचं नाव येत नाही, पण शिकला तो इथेच.

अंगापिंडाला गुण समजणं

सब-ज्युनियर गट १६ वर्षांखालचा, ज्युनियर १९ वर्षांखालचा, आणि वयाची रेघ १ जानेवारीला ओढलेली. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. दोघांत जवळपास वर्षाचं अंतर असतं आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार झालं. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलींची बाराव्या. ज्याची आधी वाढली तो पळतो जास्त, हाणतो जोरात, आणि टॅकलमध्ये समोरच्याला सहज बाजूला सारतो. बाकीचे दोन वर्षांत त्याच्या उंचीला पोचले की उरतं काय, ते आजच तपासता येतं. त्याच्याहून अंगाने मोठ्या खेळाडूसमोर त्याला बघा. पहिला स्पर्श नेमका आहे का, चेंडू येण्याआधी मान वर होते का, धक्का न देता निसटता येतं का? ही तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर सध्या कौतुक उंचीचं चाललंय.

उलटी चूक जास्त नुकसान करते. काल लखलखणारं पोर अचानक ट्रॅप (स्टिकने चेंडू थांबवणं) सोडायला लागतं, पास उशिरा देतं, वळताना अडखळतं आणि आपण म्हणतो आळशी झालं. आधी उंची मोजा. तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर वाढली असेल तर पायांची लांबी बदलली, वाकण्याचा कोन बदलला, आणि स्टिक मात्र तीच राहिली. स्टिक पायाशेजारी उभी धरली तर तिचं टोक साधारण कमरेच्या हाडापर्यंत यायला हवं. फार खाली राहत असेल तर खेळाडू जास्त वाकतो, चेंडू पायात अडकतो आणि मान वर निघत नाही. घरात मोठ्या भावाची साडेछत्तीस इंची स्टिक आहे म्हणून बारा वर्षांच्या मुलीच्या हातात ती दिली, तर उलट बिघाड होतो: चेंडू शरीरापासून लांब जातो आणि रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी फिरवून खेळताना, मनगट फिरत नाही.

या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखणं हीसुद्धा वाढीच्या काळातली नेहमीची तक्रार आहे. पोर धावायला टाळाटाळ करतंय असं वाटलं तर टोमणा मारण्याआधी दुखतं का ते विचारा, आणि दुखत असेल तर डॉक्टरकडे न्यायला सांगा.

खाली मैदान कोणतं, हे न बघणं

गोव्यात ही चूक सर्रास होते, कारण इथली बरीच पोरं तांबड्या मातीवर किंवा फुटबॉलच्या गवतावर स्टिक धरायला शिकतात आणि सामना खेळायला टर्फवर येतात. मातीवर चेंडू उडतो, म्हणून खेळाडू थोडा ताठ उभा राहतो, चेंडू आधी पूर्ण थांबवतो आणि मग खेळतो. टर्फवर चेंडू सपाट आणि वेगाने येतो. तिथे स्टिक खाली लागते आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढच्या दिशेला वळवावा लागतो. मातीवरचं पोर पहिल्या क्वार्टरमध्ये टर्फवर संथ दिसणारच. तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने काय जुळवून घेतलं, ते बघा. एका सामन्यात पंधरा मिनिटांचे चार डाव मिळतात, आणि पहिल्या व चौथ्या डावातला फरक सांगतो की पोर किती लवकर शिकतं. अनुभवी प्रशिक्षक नेमकं हेच हेरतात.

टर्फ ओला की सुका, हेही लिहून ठेवा. पाण्याच्या टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात ते चेंडू घसरत जावा म्हणून. दुपारच्या उन्हात ते लवकर उडतं, चेंडू अडखळतो, आणि मग ड्रॅग फ्लिक (चेंडू स्टिकवर ओढत नेऊन उचलून फेकणं) व लांब पुश (स्टिक मागे न नेता ढकललेला चेंडू) दोन्ही मंदावतात. पावसाळ्यात याच्या उलट: पाणी साचलं की पास मध्येच मरतो आणि ज्याच्याकडे ताकद तोच चांगला दिसतो. जून ते सप्टेंबरच्या सामन्यांवरून पासिंगबद्दल मत बनवू नका. चवथीच्या सुट्टीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडेही हिशेबात धरू नका, नेवऱ्या आणि मोदक अजून अंगावर असतात. दहावीच्या वर्षाचं तसंच. सराव तुटलेला असतो, तेव्हा त्या मोसमाची तुलना नववीच्या मोसमाशी करण्यात अर्थ नाही.

सत्तरी किंवा काणकोणासारख्या लांबच्या तालुक्यातून आलेल्या पोराची तुलना म्हापशाच्या पोराशी करताना एक साधा प्रश्न विचारा: आठवड्यात टर्फवर किती तास मिळतात?

डोळे चेंडूवरच ठेवणं

मैदानावर बावीस खेळाडू आणि चेंडू एक. चांगल्यात चांगल्या खेळाडूकडेही तो सामन्यात मोजकी मिनिटं असतो. बाकीच्या वेळात तो काय करतो, हे बघायचं तर एक क्वार्टर त्या एकाच खेळाडूवर नजर ठेवावी लागते. गोल चुकेल, चुकू दे.

नजर ठेवायची तीन ठिकाणी. पास येण्याआधी तो खांद्यावरून मागे बघतो का? चेंडू घेताना अंग पुढच्या गोलकडे उघडं असतं, की पाठ करून घेतो? आणि चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत काय करतो: मागे धावतो, पासची वाट अडवतो, की पंचांकडे हात वर करून उभा राहतो? ही तिसरी गोष्ट सुधारायला कोणतंही महागडं प्रशिक्षण लागत नाही. म्हणूनच सहा महिन्यांत ती सुधारली नसेल तर ते गंभीर लक्षण आहे.

यात आणखी एक गैरसमज मिसळतो. फुटबॉलची सवय असलेल्या गोव्यातल्या प्रेक्षकाला बदली खेळाडू म्हणजे शिक्षा वाटते. हॉकीत बदली कितीही वेळा करता येते आणि फॉरवर्ड तर काही मिनिटं झपाट्याने खेळून बाहेर येतोच. बाहेर काढलं म्हणजे प्रशिक्षक नाराज आहे असं नव्हे. परत आत गेल्यावर पहिल्या मिनिटाला वेग आहे का, तेवढं बघा.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपवरून मत बनवणाऱ्यांना काय सांगणार? त्यात चेंडू नसलेला एकही क्षण नसतो.

कॉर्नर हुकला की फ्लिकरला बोल लावणं

पेनल्टी कॉर्नरमध्ये चेंडू गोलरेषेवरून आत ढकलणारा, डीच्या बाहेर तो थांबवणारा आणि फटका मारणारा असे निदान तिघे असतात. चेंडू डीबाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. कनिष्ठ गटात बहुतेक कॉर्नर फटक्याआधीच बिघडतात. आत येणारा चेंडू मंद असेल तर पहिला बचावपटू फ्लिकरच्या अंगावर पोचलेला असतो. थांबवताना चेंडू वीतभर हलला तर फ्लिकरचं पाऊल चुकतं. दहा कॉर्नर बघा आणि फक्त एवढंच लिहा, की किती चेंडू स्वच्छ थांबले. दहापैकी चारच थांबले असतील तर फ्लिकरबद्दल बोलायला अजून जागाच नाही.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाने ड्रॅग फ्लिकच मारावी, हा हट्टही सोडा. त्या हालचालीत कंबर आणि पाठीचा खालचा भाग एकाच वेळी वाकतो आणि पिळतो. वाढत्या शरीरावर रोज पन्नास-पन्नास फ्लिकचा भार परवडत नाही. त्या वयात जमिनीलगतचा पुश आणि हिट पुरे. पहिला फटका हिट असेल तर चेंडूने ४६ सेंटिमीटरपेक्षा वरून गोलरेषा ओलांडून चालत नाही. फ्लिकला ती मर्यादा नाही, म्हणून सगळ्यांना फ्लिकचं आकर्षण.

गोलकीपरचे खाल्लेले गोल मोजणं

कमकुवत संघाचा गोलकीपर दुहेरी आकड्यात गोल खाऊनही मैदानावरचा सर्वात चांगला खेळाडू असू शकतो. त्याचा पहिला बचाव बघून झाला की चेंडू परत कुठे गेला, ते बघा. किकरने (पायातल्या जाड बुटाने) चेंडू बाजूला, रेषेकडे काढला तर उत्तम. परत डीच्या मध्यावर आला तर दुसरा फटका त्याने स्वतःच ओढवून घेतला. पुढे येऊन कोन कमी करतो की रेषेवर खिळतो, आपल्या फुलबॅकना नाव घेऊन ओरडून सांगतो की गप्प असतो, हेही टिपा.

गोलकीपर उशिरा पिकतात. भारताचा गोलकीपर पी. आर. श्रीजेश तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा शाळेत गेला तेव्हा धावणं, लांब उडी, व्हॉलीबॉल असं काहीबाही खेळत होता, गोलपोस्टमध्ये तो नंतर आला. सिनियर पदार्पण २००६चं, पहिलं ऑलिम्पिक २०१२चं, आणि २०२४ला पॅरिसचं कांस्यपदक घेऊन तो छत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. पंधराव्या वर्षी कोणाला गोलकीपर म्हणून बाद ठरवण्याआधी ही वर्षं आठवा.

एका यादीवर भविष्य ठरवणं

२०१६ला लखनौत भारताने बेल्जियमला २-१ हरवून ज्युनियर विश्वचषक जिंकला. कर्णधार हरजीत सिंग सिनियर संघातून काही सामने खेळला, ऑलिम्पिकपर्यंत पोचला नाही. त्याच संघातला हरमनप्रीत सिंग पॅरिसमध्ये कर्णधार होता आणि १० गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याचेच होते. अंतिम सामन्यात गोल करणारा सिमरनजीत सिंग टोकियोसाठीच्या १६ जणांच्या मूळ यादीत नव्हता, राखीव म्हणून गेला आणि जर्मनीविरुद्धच्या ५-४च्या कांस्यपदकाच्या सामन्यात दोन गोल करून आला. जगज्जेत्या ज्युनियर संघातही पुढचा क्रम कोणाला ओळखता आला नाही, तर राज्य संघाच्या चाचणीवरून आपण कुठला ओळखणार? चाचणीत नाव आलं नाही तर यादीपेक्षा कारण शोधा: वेग, जागा, की त्या जागेवर आधीच दोन चांगले खेळाडू होते? तिसरं कारण असेल तर खेळाडूला दुसरी जागा शिकवावी लागेल. गावच्या संघात सर्वात चांगलं पोर सेंटर हाफ खेळतं, राज्य संघात ते विंगला गेलं तर तो अपमान नव्हे.

‘गोंयकाराच्या रक्तातच हॉकी’ हे वाक्यही पारख बिघडवतं. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमधला गोलकीपर लिओ पिंटो गोमंतकीय, १९६०च्या दशकातल्या केनियाच्या ऑलिम्पिक संघांत कितीतरी फर्नांडिस आणि मेंडोंसा, हे सगळं खरं. पण नैरोबीची मंडळी डॉ. रिबेरो गोवन स्कूलमध्ये आणि क्लबांच्या सामन्यांत घडली. रक्त तेच असूनही आज वर्षाला जेमतेम दहा सामने खेळणारं पोर तिथवर पोचणार नाही. म्हणून खेळाडूकडे बघताना वर्षभरात त्याला किती सामने मिळाले, हा आकडा आधी विचारा.

नोंद कशी ठेवाल

एका खेळाडूला एक पान. वर तारीख, प्रतिस्पर्धी, मैदान (माती, गवत, ओला किंवा सुका टर्फ), खेळण्याची जागा आणि त्या दिवशीची उंची. खाली चार ओळी: डीत प्रवेश व त्यांचा निकाल, पास घेण्याआधी मागे बघणं, चेंडू गमावल्यावरची पाच सेकंदं, आणि एक नवीन गोष्ट जी आधी जमत नव्हती. ही चौथी ओळ रिकामी राहिली तर रिकामीच ठेवा, ओढूनताणून भरू नका. पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात तीन सामने आणि डिसेंबरात तीन सामने, एवढं पुरतं. तुलना करताना साधारण सारख्या ताकदीचा प्रतिस्पर्धी आणि तेच मैदान असलेली पानंच शेजारी ठेवा. ज्या पानावर मैदान किंवा जागा लिहायची राहिली, ते बाजूला काढा.