फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर: भोक पाडायच्या आधी हे वाचा

फिशफाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र; तो आवाज सोडायचं आणि परत ऐकायचं काम त्याचा ट्रान्सड्यूसर करतो. पडदा पाच इंची घ्या नाहीतर बारा इंची, पाण्यातल्या ट्रान्सड्यूसरला जेवढं ऐकू येईल तेवढंच तो दाखवणार. आपल्याकडे लोक पडद्यावर पैसे ओततात आणि ट्रान्सड्यूसर पत्र्याच्या पट्टीला तारेनं बांधून मोकळे होतात. मग घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या मधोमध बसून कंपनीला शिव्या. मी स्वतः एक अख्खा हंगाम असाच घालवला, म्हणून हे लिहितोय. परवाना, लाइफ जॅकेट, भरलेली बॅटरी हे तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

आधी निवड. किनाऱ्यावरच्या एका दुकानदारानं मला ५० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर गळ्यात मारला. म्हणे खोलवर जातो. जातो ना, समुद्रात! खारं पाणी उंच पट्टीचा, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचा आवाज पटकन शोषतं, त्यामुळे खोल समुद्रात खालची फ्रिक्वेन्सी लागते. धरणाच्या गोड्या पाण्यात आपण दहा-वीस मीटरवर मासे शोधतो, तिथं २०० किलोहर्ट्झ भरपूर झाला. त्याच्या आवाजाचा झोत साधारण २० अंशांचा असतो, म्हणजे १० मीटर खाली साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ. ८३ किलोहर्ट्झवर झोत ६० अंशांपर्यंत पसरतो आणि तेवढ्याच खोलीवर वर्तुळ साडेअकरा मीटरचं होतं. कटल्याचा थवा हुडकायला ते बरं, पण बुडालेलं खोड आणि त्याला चिकटून उभा मासा यांचा एकच गोळा दिसतो. जोडीला ४५५/८०० किलोहर्ट्झ असेल तर घ्याच. उन्हाळ्यात हिडकलचं पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, ते तुम्ही पाहिलं असेल. घटप्रभेच्या त्या ५१ टीएमसी पाण्याखाली बांध, भिंती, खोडं काय काय आहे, ते या झोतात रेखीव दिसतं.

नावेच्या आतून तळाला चिकटवायचा प्रकार फक्त भरीव फायबरला चालतो. फायबरच्या थरांमध्ये फोम किंवा प्लायवूड असेल तर आवाज तिथंच मरतो. लाकडी किंवा पत्र्याच्या नावेत त्या फंदात पडूच नका. शंका असेल तर आत तळाला दोन बोटं पाणी ओता, ट्रान्सड्यूसर त्यात टेकवा आणि बाहेर धरल्यावर मिळणाऱ्या चित्राशी ताडून बघा. आणि ४५५/८०० चं रेखीव चित्र हवं असेल तर ट्रान्सड्यूसर बाहेर, थेट पाण्यातच हवा.

आता खरी डोकेदुखी: ट्रान्सम, म्हणजे इंजिन अडकवतो त्या मागच्या उभ्या फळीवर जागा कुठली?

माझं असं व्हायचं. नाव हळू असली की तळ सुरेख दिसायचा. वेग जरा वाढवला की तळाच्या रेषेचे तुकडे, आणखी वाढवला की पडदा कोरा. मी बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, यंत्र दुरुस्तीला टाकलं. दुकानवाल्यानं पैसे घेऊन तसंच परत दिलं. शेवटी वल्हं मारणारे अण्णा एकदा मागं वाकून बघत बसले आणि म्हणाले, "साहेब, पाणी उकळल्यागत येतंय की हो त्याच्यावर." नावेच्या तळाला पुढून मागं एक उंचवटा होता आणि मी ट्रान्सड्यूसर नेमका त्याच्या शेपटाला लावला होता. उंचवट्यानं पाण्यात हवा कालवली जायची. बुडबुड्यांवर आपटून आवाज तिथूनच परत फिरतो, खाली काही जातच नाही. माझे सहा महिने त्या चार बुडबुड्यांनी खाल्ले.

म्हणून सुकाणू दुसऱ्याच्या हातात द्या, नाव नेहमीच्या वेगात पळवा आणि मागं वाकून पाणी बघा. फळीखालून पाणी कुठं फेसाळ निघतं, कुठं काचेसारखं सपाट निघतं, ते डोळ्यांना लगेच कळतं. खडूनं खूण करा. उंचवटे, रिव्हेटांच्या रांगा, पाणी ओढायची भोकं यांच्या मागची सरळ रेघ टाळा. इंजिनच्या पंख्यापासून निदान ३८ सेंटिमीटर लांब राहा, आणि पंख्याचं पातं ज्या बाजूला वरून खाली येतं ती बाजू धरा. मागून बघताना पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असेल तर ती उजवी बाजू. पातं वर चढतं त्या बाजूला फेस जास्त.

उंचीबद्दल लोक वाट्टेल ते सांगतात. "जितका खाली तितका चांगला" हा सल्ला देणाऱ्याच्या नावेत बसू नका. फायबरच्या नावेला ट्रान्सड्यूसरचा तळ नावेच्या तळापेक्षा ३ मिलिमीटर खाली, गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढा. ॲल्युमिनियमच्या नावेला १० मिलिमीटर, कारण रिव्हेटांमुळे फेसाचा थर जाड असतो. त्याहून खाली घेतलात तर मागं कारंजं उडतं आणि मे महिन्यात पहिल्याच खोडाला ठोकर बसते. ठोकर बसली की वर उचलला जाणारा ब्रॅकेट घ्या. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून स्टेनलेसचा करून घेतला.

तोंड पाण्याला समांतर हवं, आणि ते नाव पाण्यात, माणसं-सामान भरलेली असताना बघायचं. काठावर ओढलेल्या नावेत लावलेली गवंड्याची पाणसळ काही कामाची नाही. मासा खालून जाताना पडद्यावर कमान दिसते. कमानीचा एकच पाय उमटत असेल तर ट्रान्सड्यूसर पुढं किंवा मागं कलला आहे.

हे सगळं जमेपर्यंत ड्रिलला हात लावू नका. एका फळकुटावर ट्रान्सड्यूसर बसवा, फळकूट सी-क्लॅम्पनं ट्रान्समला आवळा, पडू नये म्हणून दोरीनं बांधा आणि तीन फेऱ्या मारा. मी पहिल्यांदा सरळ भोकं पाडली होती. आज माझ्या नावेला बुजवलेली सहा भोकं आहेत, आणि नवीन माणूस बसला की पहिला प्रश्न त्यांचाच.

जागा पक्की झाली की प्लास्टिकचा जाड पाट, स्वयंपाकघरातला चॉपिंग बोर्डसुद्धा चालतो, दोन स्क्रूंनी ट्रान्समला लावा आणि ब्रॅकेट त्या पाटावर बसवा. पुढं वर-खाली सरकवायचं झालं तर भोकं पाटाला पडतील. बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. फायबरवरचा चकचकीत थर तडकू नये म्हणून सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा. भोकात नावेसाठी मिळणारा पॉलियुरेथेन सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं न्हाणीघरातलं सिलिकॉन इथं नको.

केबल कापायची नाही, जास्तीची गुंडाळून ठेवायची. इंजिनच्या वायरींपासून लांब न्यायची. यंत्राला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी आणि फ्यूज.

शेवटी दोरीला धोंडा बांधून खोली मोजा. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली जेवढा बुडालेला असेल तेवढी खोली यंत्र कमी दाखवतं. माझ्याकडे दोरीवर ७ मीटर आले तेव्हा पडद्यावर ६.८ होते. सेटिंगमध्ये ते २० सेंटिमीटर भरले. अण्णांनी पडद्याकडे बघितलं, वासा पाण्यात खुपसून बघितला आणि म्हणाले, "सात. पण वाशाला बॅटरी लागत नाही बघा."